डीएलएलचं कुर्डुवाडी

चाकूरची ओळख समोरचा माणूस बघून सांगावी लागते. जुना माणूस असला तर ‘शिवराज पाटील चाकूरकरांचं चाकूर’ म्हटलं की पुरे. १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष, २००४ ते २००८ देशाचे गृहमंत्री, अशा पदांवर गावाचं नाव आडनावात बसून फिरून आलेलं आहे. फौजेतला असला तर बीएसएफचं ट्रेनिंग सेंटर सांगायचं. रेल्वेनं हिंडणारा असला तर लातूर रोड स्टेशन, आणि देवभक्त असला तर तालुक्यातलं वडवळ नागनाथ. माझी स्वतःची ओळख मात्र कुणालाही, कशीही सांगितली तरी पटत नाही.

‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर पूर्वी भागायचं. ‘बँकेत आहे’, ‘झेडपीत आहे’, तसं ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’. लातूर पॅटर्नच्या मुलखात दहावीनंतर पोराच्या दोनच जाती उरतात, मेडिकल आणि इंजिनिअरिंग. त्यामुळे पुढचा प्रश्न कामाचा नसतो, पगाराचा असतो. पण आता घरोघरी कुणी ना कुणी हिंजवडीला जाऊन आलेलं असतं. त्यामुळे पारावर बसलेला माणूससुद्धा विचारतो, ‘फ्रंट एंड का बॅक एंड?’ यातलं माझं काहीच नाही. मी जुन्या नेटिव्ह डीएलएलच्या आतून डॉटनेटच्या सोयी वापरून देतो. हे वाक्य मी चाकुरात एकदा उच्चारलं होतं. समोरच्यानं सहानुभूतीनं विचारलं, ‘पर्मनंट कधी करणार म्हणायलेत?’

हे काम नक्की काय आहे ते सांगायला मला महामार्गावरच्या एका वजनकाट्याचा उपयोग होतो. काटा ज्यांचा आहे ते नात्यानं मामा लागतात. नातं तीन घरं ओलांडून येतं, पण मामा तो मामाच. काट्याचं यंत्र सरळ आहे. लोखंडी प्लॅटफॉर्मखाली लोड सेल, त्यांच्या तारा केबिनमधल्या इंडिकेटरला, आणि इंडिकेटरच्या पाठीमागून नऊ पिनांची सीरियल केबल कॉम्प्युटरला. भरली गाडी चढवायची, वजन घ्यायचं. माल उतरवून रिकामी गाडी चढवायची, पुन्हा वजन घ्यायचं. वजाबाकी म्हणजे माल. पावती निघते, ड्रायव्हर ती कानावर अडकवतो आणि जातो.

केबलमधून येणारा आकडा वाचायचं काम एक डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनं हाक मारली की काम करणारा कोडचा तुकडा, करते. ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ ६.० मध्ये लिहिलेली आहे. हे ६.० प्रकरण १९९८ चं. लिहिणारा माणूस कोण, कुठला, हे आता कुणालाही सांगता येत नाही, पण माणूस हुशार असला पाहिजे. वाऱ्यानं ताडपत्री फडफडली की आकडा दहा-वीस किलोनं हलतो. क्लीनर प्लॅटफॉर्मवरून खाली उतरला नसला की आकडा खोटा येतो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की गाडी क्षणभर डोलते. या सगळ्यात वजन स्थिर झालं असं केव्हा मानायचं, याची अक्कल त्या डीएलएलमध्ये आहे. ती अक्कल कुठल्याही पुस्तकातून आलेली नाही, काट्यावर बसून आलेली आहे. डीएलएलचं सोर्स सापडतं. तिला बोलावणारी जी एक्झी आहे, म्हणजे पडद्यावर दिसणारा निळा प्रोग्रॅम, तिचं सोर्स सापडत नाही. म्हणजे पडदा बदलता येत नाही, बटण वाढवता येत नाही. जे काही करायचं ते डीएलएलच्या पोटात.

एवढी वर्षं काही करायचंच नव्हतं. मग जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. तो मिळतो का हा विषय वेगळा आणि लांबलचक आहे. पण त्या भावानं दहा क्विंटल झाले की मर्यादा ओलांडली, आणि मोंढ्यातून शंभर क्विंटलची गाडी निघाली की पाच लाख बत्तीस हजार आठशे. लातूरचं सोयाबीन हैदराबादकडेही जातं, इंदूरकडेही. व्यापाऱ्याला वाटणारच की काट्यावर वजन पक्कं झाल्याक्षणी ते त्याच्या ऑफिसात आपोआप पोचावं, पावतीवर क्यूआर कोड यावा, आणि गावाचं नाव मराठीत यावं.

यातलं एकही काम १९९८ च्या सी++ ला जमणारच नाही असं नाही. जमतं, पण जेसन जुळवायचं, टीएलएस १.२ बोलायचं, क्यूआरचे चौकोन काढायचे, हे सगळं हातानं करायला बसलं तर सोयाबीनचा हंगाम संपून तूर येते. मायक्रोसॉफ्टच्याच नव्या जमान्यातल्या डॉटनेटमध्ये हीच कामं तयार पडलेली आहेत. शिवाय मे २०१९ च्या विंडोज १० पासून डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ मशीनमध्ये आधीच बसवून येतं. म्हणजे मीठमसाला घरातच आहे, फक्त वापरणारी डीएलएल जुन्या वळणाची आहे.

नव्या प्रोग्रॅमनं जुन्या डीएलएलला बोलवायचं असेल तर राजरस्ता आहे. त्यावर पुस्तकं आहेत, शिकवण्या आहेत. जुन्यानं नव्याला बोलवायचं म्हणजे उलटी गंगा. पुण्यातल्या कुठल्याही मीटिंगमध्ये हे सांगितलं की सगळ्यात तरुण माणूस खुर्चीत पुढं सरकून म्हणतो, ‘सगळं नव्यानंच का लिहीत नाही आपण?’

त्याचं तत्त्वतः बरोबर असतं. या तत्त्वतः बरोबर असण्याला मी कुर्डुवाडी दाखवतो.

लातूरला आगगाडी आली १९११ मध्ये. बार्शी लाइट रेल्वेची, नॅरोगेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही करणी. दोन रुळांत अडीच फुटांचं, म्हणजे ७६२ मिलिमीटरचं अंतर. मुंबई-मद्रास मार्गाची ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. दोन्ही लाइनी कुर्डुवाडीला भेटायच्या, म्हणजे भेटून नुसत्या एकमेकींकडे बघत उभ्या राहायच्या. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर जात नाही आणि ब्रॉडगेजचा नॅरोगेजवर. मधे लागायचा हमाल. प्रत्येक पोतं या डब्यातून उतरवायचं, पाठीवर घ्यायचं, त्या डब्यात टाकायचं. ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी आणि झोपेतलं पोर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्यानं कुर्डुवाडीला गाडी बदलली. २००८ च्या सुमारास लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली तेव्हा हे संपलं. ब्रॉडगेज करा ही मागणी पहिल्यापासून बरोबरच होती. पण बरोबर मागणी पूर्ण व्हायला जी वर्षं लागली, त्या वर्षांत धान्य, कापूस आणि जावई हमालाच्याच भरवशावर गेले.

मी कुर्डुवाडीचा हमाल आहे. हे मामांना एका दमात कळलं. पुण्यात सांगितलं तेव्हा एचआरनं मला बाजूला घेऊन सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

आमच्या धंद्यात या हमालीला मार्शलिंग म्हणतात. काही माल असा असतो की दोन्हीकडे माप एकच. चार बाइटचा पूर्णांक इकडे चार बाइटचा, तिकडेही चार बाइटचा. वजन आहे बारा हजार तीनशे चाळीस किलो. तो आकडा जसाच्या तसा पलीकडे जातो, हमालाला हात लावावा लागत नाही. अशा मालाला ब्लिटेबल म्हणतात. हे ऐकून माणसाला वाटतं की साध्या गोष्टी सुखरूप जात असतील. मग तो ‘खरं-खोटं’ पलीकडे पाठवायला जातो.

वजन स्थिर आहे की नाही? उत्तर एका शब्दाचं: खरं किंवा खोटं. याहून साधा माल जगात नाही. पण सी++ मध्ये खरं हे सहसा एक बाइटचं असतं. विंडोजच्या जुन्या एपीआयमध्ये खरं हे चार बाइटचं असतं. आणि कॉम नावाच्या मधल्या जमान्यातलं खरं दोन बाइटचं, वर त्याची किंमत वजा एक. तीन मापांची तीन खरी, आणि तिन्ही मायक्रोसॉफ्टच्याच मुलखातली. एका बाइटचं खरं पाठवलं आणि पलीकडच्यानं चार बाइटचं समजून उचललं, की उरलेल्या तीन बाइटमध्ये आधीचा जो काही कचरा पडलेला असेल तोही सत्यात मोजला जातो. खोटं पाठवलेलं खरं होऊन पोचतं. हे मी मामांना समजावत होतो तेव्हा केबिनमध्ये दोन अडते आणि एक माजी सरपंच बसले होते. तिघांनाही यात नवीन काही वाटलं नाही.

खरी गंमत अक्षरांची.

पावतीवर गावाचं नाव मराठीत हवं होतं. डॉटनेटला मराठीचं वावडं नाही. त्याच्या पोटात सगळी अक्षरं युनिकोडमध्ये, दोन-दोन बाइटच्या पेट्यांत असतात. चाकूर म्हणजे च, काना, क, दीर्घ उकार आणि र. पाच पेट्या, दहा बाइट. यूटीएफ-८ मध्ये हेच पंधरा बाइट होतात. पण १९९८ ची डीएलएल अक्षराला एकच बाइट देते. ज्याला विंडोजमध्ये एएनएसआय म्हणतात तो हा जुना दरवाजा. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, अरबी, थाई, सगळ्यांना या दरवाज्यातून आत यायला आपापली कोडपेजं दिलेली आहेत. मराठीला नाही. हिंदीलाही नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती थेट युनिकोडच्या दारानं, मंगल फॉन्टचा हात धरून. जुन्या दारावर तिच्या नावाची पाटी कधी लागलीच नाही. भारताचं स्वतःचं इस्की नावाचं मानक १९९१ चं आहे, विंडोजच्या यादीत त्याला ५७००२ असा नंबरही आहे, पण पूर्ण सिस्टीमचं कोडपेज म्हणून ते निवडायची सोय नाही. तेव्हा मराठी अक्षर जुन्या दारातून जाऊ लागलं की पहारेकरी त्याला अडवत नाही, हाकलत नाही. तो ते अक्षर काढून घेतो आणि त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून पुढं पाठवतो.

पावतीवर आलं: गाव ?????.

असलं काही दिसलं तर पुण्याचं गिऱ्हाईक ताबडतोब स्क्रीनशॉट पाठवतं, लाल रंगात गोल करून. काट्यावरच्या लोकांनी दोन दिवस काहीच कळवलं नाही. चौकशी केली तर काम व्यवस्थित चालू होतं. मामांनी किल्ली शोधून काढली होती.

‘पाच म्हंजे चाकूर,’ ते ऑपरेटरला सांगत होते. ‘तीन म्हंजे झरी. चार म्हंजे घरणी. चार, मधी जागा, मग सहा, म्हंजे वडवळ नागनाथ. आरं, सोपं हाय.’

मी ताडून बघितलं. बरोबर होतं. झ, र आणि वेलांटी, तीन. अडचण एकाच ठिकाणी आली होती. चापोलीची सहा आणि नळेगावचीही सहा. चापोलीचा एक माणूस नळेगावच्या पावतीवर सही करून बसला होता आणि दोघांचं सोयाबीन एकाच अडतीवर गेलं होतं. त्यावर तोडगा म्हणून ऑपरेटरनं चापोलीच्या पुढं एक टिंब टाइप करायला सुरुवात केली होती. आणखी आठ दिवस मी दुर्लक्ष केलं असतं तर चाकूर तालुक्याची स्वतःची लिपी तयार झाली असती, आणि पुढं कुणीतरी तिच्यावर पीएचडी केली असती.

उपाय सरळ आहे: एका बाइटचं दार बंद करून डीएलएलला दोन बाइटच्या, रुंद अक्षरांच्या दारानं चालायला शिकवायचं, आणि एक्झीला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. सरळ आहे म्हणजे एका वाक्यात सांगता येतो, एवढाच अर्थ.

आता नव्याच्या स्वभावाकडे येतो. सी++ चा बाणा असा की मेमरी तू मागितलीस, तू वापरलीस, तूच परत कर. विसरलास तर कुणी हाक मारणार नाही, मशीन आपोआप जड होत जाईल आणि ऐन गर्दीत बसेल. डॉटनेटमध्ये यावर कारभारी नेमलेला आहे. सीएलआर त्याचं नाव, आणि त्याच्या हाताखाली गार्बेज कलेक्टर. वापरात नसलेली वस्तू तो उचलतो. त्यानं वस्तूंच्या तीन पिढ्या केल्यात: शून्य, एक आणि दोन. शून्य म्हणजे आत्ता जन्मलेल्या. त्यांच्याकडे तो सारखा फिरकतो. दोन म्हणजे मुरलेल्या. त्यांच्या वाटेला तो सहसा जात नाही. आमच्या घरांत मुरलेली पिढीच सगळ्यांच्या वाटेला जाते, पण ते असो.

झाडून झालं की हा गार्बेज कलेक्टर उरलेल्या वस्तू सरकवून जवळजवळ लावतो. म्हणजे पत्ते बदलतात. डॉटनेटमधल्या सगळ्यांना नवे पत्ते बिनबोभाट कळवले जातात. नेटिव्ह बाजूला कळवायची पद्धत नाही, कारण कलेक्टरच्या वहीत ती बाजू अस्तित्वातच नाही. जुन्या डीएलएलनं मघाशी टिपून घेतलेला पत्ता उघडला तर तिथं आता दुसरंच कुणीतरी राहत असतं. म्हणून वस्तू सरकू नये यासाठी ती खिळवून ठेवावी लागते. त्याला पिनिंगच म्हणतात. फार वस्तू खिळवल्या की गार्बेज कलेक्टरला झाडता येत नाही आणि तो हळू होतो. कमी खिळवल्या की डीएलएल परक्याच्या घरात शिरते.

याच कुळातली पण अधिक खोडसाळ गोष्ट कॉलबॅकची. ‘वजन स्थिर झालं की मला कळव’ असं डॉटनेट बाजू डीएलएलला सांगून ठेवते आणि कळवायचं कुठं तो पत्ता देते. डीएलएल पत्ता खिशात ठेवते. इकडे गार्बेज कलेक्टर फिरत येतो. कळवून घेण्यासाठी जी वस्तू बसवलेली असते तिला डॉटनेटमधलं कुणीही धरून ठेवलेलं त्याला दिसत नाही. डीएलएलनं धरलंय, पण डीएलएलचा खिसा त्याला तपासता येत नाही. वस्तू बेवारस ठरवून तो उचलून नेतो. पुढची गाडी काट्यावर चढते, वजन स्थिर होतं, डीएलएल इमानदारीत कळवायला जाते, आणि प्रोग्रॅम गतप्राण.

यातली मेख अशी की हे पुण्यात कधीच घडत नाही. पुण्यात चाचणी करताना खोट्या चार गाड्या सोडतात. एवढ्यात कचराच साचत नाही, मग कलेक्टर येईल कशाला? शिवाय डीबग बिल्डमध्ये वस्तू फंक्शन संपेपर्यंत मुद्दाम जिवंत ठेवतात, त्यामुळे शोधायला बसलं की दोष अंगाला तेल लावून निसटतो. तो प्रकट होतो दसऱ्यानंतर, सोयाबीनच्या रांगेत, दुपारी, ट्रॅक्टर मागं भोंगा वाजवत असताना. आमच्याच एका सहकाऱ्यानं तेव्हा फोनवर सांगितलं होतं, ‘माझ्या मशीनवर चालतंय.’ त्यावर पलीकडून आलेलं उत्तर असं होतं: ‘मग मशीन घेऊन ये की हिकडं. ट्रॅक्टर तुझ्या मशीनवर चढवतो.’

प्रोग्रॅम मेला की निदान मरणाचं कारण तरी कळावं. डॉटनेटची चूक झाली तर ती मोठी तपशीलवार असते: काय झालं, कुठल्या फंक्शनमध्ये, कुठल्या ओळीवर, कुणी कुणाला बोलावलं होतं, सगळी वंशावळ. पण हद्द ओलांडून नेटिव्ह बाजूला आली की त्यातला एकच आकडा उरतो: ई०४३४३५२. यातले शेवटचे सहा अंक दोन-दोन करून अक्षरांत वाचले तर सीसीआर होतात. डॉटनेट ४ च्या आधी तिथं सीओएम होतं. म्हणजे आतली माणसं आपली सही करून गेली आहेत, मजकूर मात्र लिहिला नाही. मामांनी तो आकडा वहीत टिपून ठेवला होता. मला वाटलं, डीबगिंगसाठी. नंतर कळलं, गाडीचा नंबर समजून.

दुसरा एक संदेश तर थेट दिशाभूल करणारा. एक्झी बत्तीस बिटांची आहे. डॉटनेटचा तुकडा कुणी चौसष्ट बिटांचा बनवून दिला तर दोन्ही एका प्रोसेसमध्ये नांदत नाहीत, आणि त्या चुकीचं नाव येतं ‘बॅड इमेज फॉरमॅट’. ऑपरेटरचा फोन आला. ‘दादा, फोटो खराब आलाय म्हणायलंय. कुणाचा फोटो?’ मी काही सांगायच्या आत त्यानं कॅमेऱ्याची काच पुसून, गाडीची नंबर प्लेट धुऊन, आणि ड्रायव्हरला टोपी काढायला लावून पुन्हा प्रयत्न केला होता.

नेटिव्हमधून मॅनेज्डमध्ये, म्हणजे जुन्या सी++ मधून कारभाऱ्याच्या हद्दीत, जायचे रस्ते तीन-चार आहेत. कॉमचा रस्ता जुना. त्यात डॉटनेटचा तुकडा रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो, आणि मशीन बदललं की नोंद करायची राहून जाते. सीएलआरला स्वतः हातानं सुरू करायचा रस्ता आहे, तो बहाद्दरांसाठी. आणि एक रस्ता सी++/सीएलआयचा: एकाच डीएलएलमध्ये काही फाइली जुन्या सी++ च्या, काही नव्या वळणाच्या, कंपायलरला एक खूण करून सांगायचं की यातल्या अमुक फाइली कारभाऱ्याच्या देखरेखीखाली चालव. हे २००५ मध्ये नीट आकाराला आलं. काट्यासाठी मी हाच धरला. या सोयीला मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी लाडानं दिलेलं नाव आहे ‘इट जस्ट वर्क्स’. आमच्याकडे कुणी ‘काही होत नाही, बिनधास्त जा’ असं म्हटलं की माणूस आधी बैलाच्या शिंगांकडे बघतो.

२००२-०३ च्या आवृत्त्यांत अशी मिश्र डीएलएल कधीकधी सुरू होतानाच अडकून बसायची. डीएलएल आत येत असताना विंडोज एक कुलूप लावून ठेवतं, आणि आत येता येताच डीएलएलनं डॉटनेटचं काही चालवायला घेतलं तर डॉटनेटला तेच कुलूप लागायचं. एक म्हणे तू आवर मग मी सोडतो, दुसरा म्हणे तू सोड मग मी आवरतो. कुणी रागावत नाही, कुणी चूक दाखवत नाही. पडदा नुसता थिजलेला. पुढच्या आवृत्तीत हे बरंच दुरुस्त झालं, पण नियम आजही तोच आहे की उंबरठ्यावर असताना डॉटनेटचं नाव काढू नये. उंबरठ्यावर काय करू नये याची आमच्याकडची यादी मुळातच मोठी आहे. त्यात एक भर.

नव्याला बोलावण्याचा खर्चही सांगितला पाहिजे. काट्याला हवा असतो एक क्यूआर. त्यासाठी डॉटनेटला हाक मारली की तो एकटा येत नाही. सीएलआर येतो, गार्बेज कलेक्टर येतो, ऐन वेळी भाषांतर करणारा जिट कंपायलर येतो, आणि पहिल्या हाकेला सगळ्यांचं बस्तान बसेपर्यंत पडदा थांबतो. म्हणून सकाळची पहिली पावती नेहमी उशिरा निघते. मामांनी त्यावरही तोड काढली. सकाळी पहिल्यांदा ते स्वतःची मोटारसायकल काट्यावर चढवतात, पावती काढतात, आणि मगच गाड्या घेतात. परफॉर्मन्सच्या पुस्तकात याला वॉर्म-अप म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण असतं. मामांच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात रोजची एक पावती एका मोटारसायकलची आहे. जीएसटीवाले आले तर ते यातून काय अर्थ काढतील सांगता येत नाही.

‘आणि लाईट गेली तं काय करतंय तुझं डॉटनेट?’ हा त्यांचा प्रश्न मात्र बिनतोड होता. लाईट गेली की नेटिव्ह आणि मॅनेज्ड यांच्यात काही फरक उरत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉटनेट ७ बरोबर एक नवीन वाट आली. डॉटनेटचा कोड आधीच पूर्णपणे प्रोसेसरच्या भाषेत उतरवून त्याची नेटिव्ह डीएलएल बनवायची. बाहेरून बघणाऱ्याला सी++ चीच वाटावी. सीएलआरचं वऱ्हाड वेगळं बोलवायला नको, जिट नको. नव्यानं धोतर नेसून यायचं, झालं. मी हरखून मामांच्या मशीनसाठी बघायला गेलो, तर त्या पहिल्या खेपेला ते फक्त चौसष्ट बिटांचं धोतर होतं, आणि आमची एक्झी बत्तीस बिटांची.

शेवटी जुन्याच रस्त्यानं काम पुरं झालं. कॉलबॅक धरून ठेवला, खरं-खोटं एकाच मापाचं केलं, अक्षरं रुंद दारानं नेली. हंगामाची रांग लागली आणि काही म्हणजे काही झालं नाही. वजन व्यापाऱ्याच्या ऑफिसात आपोआप जाऊ लागलं. पडदा तोच निळा, बटणं तीच, घंटीचा आवाज तोच. पावतीवर मात्र स्वच्छ मराठीत ‘चाकूर’, आणि कोपऱ्यात क्यूआर.

मग मी बिल दिलं.

मामांनी चष्मा लावला, बिल वाचलं, मग पडद्याकडे बघितलं, मग पुन्हा बिल. ‘ह्यात बदललंय काय? हाय ते तसंच हाय की.’

मी म्हटलं, ‘मामा, तसंच राहावं यासाठीच तर सगळं केलं.’

‘तसंच तं आधी बी होतं,’ ते म्हणाले. मग त्यांनी ताजी पावती उचलली, गावाच्या नावावर बोट ठेवलं. ‘हे एक नवं हाय. ह्याचे देतो. किती अक्षरं म्हणाला होतास ही?’

‘पाच. च, काना, क, उकार, र.’

मामांनी ऑपरेटरकडे बघितलं, ऑपरेटरनं ड्रायव्हरकडे.

‘चा-कू-र,’ मामांनी बोटांवर मोजलं. ‘तीन हायेत. दोनाचे कमी कर.’